देवाला न विचारलेलं

आई, आज ताटात अर्धी पोळी ठेवून उठले. पोट भरलं होतं, बस. त्यात माझा काही मोठेपणा नाही, हे तुझ्यामुळे कळतं.

संपाच्या वर्षी तुझी भूक वाढली. बाबा गिरणीतून घरी बसलेले, मी नववीत, आणि भांडुपच्या आपल्या खोलीत तू सगळ्यांच्या मागून टोपातला भात निपटून खायचीस. तुझे ब्लाउज दोनदा उसवावे लागले. शेजारणी म्हणायच्या, ‘घोव घराक बसलो आणि हिका बाळसा चढला.’ तूही हसायचीस.

मे महिन्यात गावी बाबांनी देवीला कौल लावला. गुरवाने मूर्तीवर कळ्या लावल्या. हिने सोमवार धरले तर हिची हाव सुटेल का, असं बाबांनी विचारलं. उजवी कळी पडली, म्हणजे देवीचा होकार. तू आजारी आहेस का, हे कोणी विचारलंच नाही.

गावाहून परतल्यावर तिसऱ्याच सोमवारी मी शाळेतून येते, तर तू मोरीपाशी बसून सुका बांगडा आणि शिळी भाकरी खाते आहेस. ‘माझी भूक खोटी नाय गो,’ तू म्हणालीस. ‘जेवलंय तरी पोटाक कळणा नाय.’ बाबांना सांगू नकोस, अशी विनवणीही केलीस. मी सांगितलं. ते ओरडले नाहीत, तुझ्याशी बोलायचे थांबले. पुढे दोन वर्षं तू सोमवार धरत राहिलीस, मोडत राहिलीस आणि देवीची माफी मागत राहिलीस.

मग तुला कमी दिसू लागलं, म्हणून मोठ्या इस्पितळात नेलं. मेंदूच्या तळाशी गाठ निघाली. पोट भरलं हे जिथे कळतं, तीच जागा तिने दाबली होती. ‘म्हणजे ती हावरी नव्हती?’ बाबांनी विचारलं. ‘नव्हती,’ डॉक्टर म्हणाले. बाबा बाहेर बाकावर बसले आणि मला म्हणाले, तू सांग तिला.

‘काय सांगल्यान डॉक्टरान?’ तू विचारलंस. ऑपरेशन झालं की बरी होशील, एवढंच मी म्हटलं. बाकीचं सांगायचं, तर आधी त्या सोमवारच्या सुक्या बांगड्याबद्दल बोलावं लागलं असतं. ते नंतर बोलू, असं ठरवलं. ऑपरेशननंतर तू शुद्धीवर आलीच नाहीस.

हा कागद वहीतच राहील. त्यात एवढं तरी लिहून ठेवते. ऑपरेशनच्या सकाळी तुला उपाशी ठेवलं होतं आणि वार सोमवार होता. ‘आजचो मोडूक नाय गो मी,’ तू म्हणालीस. मी नुसती मान हलवली.