चांगदेव तांडेलांवरची जांभळी फुली

कोलशेत,
दि. ९ फेब्रुवारी १९८७

तीर्थस्वरूप परशुराममामांना नामाचा दोन्ही हात जोडून नमस्कार (हात साबणाने दोनदा धुतले आहेत). मामीचा खोकला थांबला का? कल्याणला पाणी गढूळ येते असे ऐकले. उकळून प्यावे. आम्ही इथे सुयासुद्धा वीस मिनिटे उकळतो.

मामा, मी पार हादरलो आहे. हेमाताई डॉक्टरांकडे मी सहा महिने कंपाउंडरचे काम शिकतो आहे, हे तुम्ही जाणताच. (सांध्यात सुई बाई स्वतः देतात, त्याला हात लावायची मला परवानगी नाही.) बाईंनी मोसंब्यावर सराव करून घेतला आणि बजावले, "नामा, कुल्ल्याचे मनात चार भाग करायचे. वरचा, बाहेरच्या बाजूचा भाग आपला. भलतीकडे टोचलीस आणि शीर दुखावली, तर माणूस जन्मभर लंगडेल." आता मनात केलेले भाग हलतात हो! म्हणून चांगदेव तांडेल तापाने फणफणून आले, तेव्हा मी फुटपट्टी लावून त्यांच्या उजव्या कुल्ल्यावर जखमेच्या जांभळ्या औषधाने फुली मारली. (स्पिरिटने पुसली तरी जात नाही, हे आधी स्वतःच्या मांडीवर तपासले होते.) पण होडीवर तांडेल कमरेला नुसता तिकोनी सुरका नेसतात आणि मागची बाजू सगळी उघडी असते, हे मी कोळ्याच्या पोटी जन्मून विसरलो!

ताप उतरला, तांडेल होडीवर गेले, आणि मासळी विकणारी आवडाबाई भर बंदरावर ओरडली, "अरं चांगदेवा, कुनाचा मार्का रं हा? माल इकला का?" बाईंच्या कानावर गेले. म्हणाल्या, "तांडेलांनी तक्रार केली, तर उद्यापासून तू रेती उपसायला, रेतीच्या होडीवर."

काल तांडेल आले. मागे नऊ माणसे. मी औषधांच्या कपाटाआड गेलो. तांडेल म्हणाले, "बाय, यांना पन फुली मारा. फुलीबिगर सुई लागू पडत नाय." मामा, त्या नऊ जणांतले पाच ठणठणीत होते! बाईंनी त्यांना हाकलले, तर "नुसती फुली तरी द्या" म्हणून पायरीवर बसून राहिले.

तुमचा भाचा,
नामा

ता. क. : वरचे वाचून तांडेलांना सुई मी टोचली असे वाटेल. मी फक्त फुली मारली. सुई बाईंनी टोचली.

ता. क. २ : माणसाला मी अजून एकदाही टोचलेली नाही. रविवारी बाई परीक्षा घेणार, तीही खऱ्या माणसावर. नापास झालो, तर रेतीची होडी ठरलेलीच. गावाचे म्हणणे, फुली नामाने मारावी, सुई बाईंनीच टोचावी. तेव्हा बाईंनी तुम्हाला लिहून दिलेली ताकदीची इंजेक्शने तुम्ही माझ्याकडूनच घ्यावीत. रविवारी सकाळी नऊला या.

ता. क. ३ : मामीलाही आणा. तुम्हाला धरायला नव्हे, मला.