पट्टीवरची दुसरी रेषा

दि. ३ मार्च

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

पट्ट्या कापायचं यंत्र मी केलं, शिवणयंत्राच्या मोटरवर. वाळवणीचं कपाट मी केलं, आत पंखा आणि दमटपणा मोजणारा काटा बसवून. कागदावर अर्ध्या मिलिमीटरची रेषा ओढणारी सुई मी घासली, आधीच्या सतरा वाया घालवून. उंदराच्या पेशी बाटलीत आजाराची खूण पकडणारी जी प्रतिपिंडं तयार करतात ती गाळायची नळीही माझ्याच हातची. तुझ्या रक्ताचा थेंब ज्या पट्टीवर टाकला ती अशी झाली आहे. कॉलेजची पायरी न चढलेल्या माणसाने केली, तरी तीन वर्षांत एक तक्रार नाही.

हे मिरवायला लिहीत नाही. पहिली रेषा सगळ्यांनाच उमटते, ती पट्टी चालते एवढंच सांगते. तुला दुसरी उमटली. स्कॅनमध्ये गाठ दिसत नाही तर महिनाभर थांबू का, असं तू विचारलंस. थांबू नकोस. आजार परतला की त्याची खूण रक्तात आधी येते, स्कॅनला मागून कळतं. पट्टी खोटं बोलत नाही. डॉक्टर म्हणतात तसं औषध सुरू कर.

लोभ आहे तसा राहू दे.
तुझा धाकटा

दि. २६ एप्रिल

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

केमोच्या दोन फेऱ्या झाल्या. केस गेले, त्याचं काही नाही. सून म्हणते, डोकं इतकं गोल आहे, उगाच झाकून ठेवलंत. बोटांच्या टोकांना मात्र काही कळेनासं झालंय. परवा इस्त्रीला हात लागला तो वास आल्यावर समजला. अक्षर वाकडं आलं तर हसू नकोस.

डॉक्टरांनी तुझी पट्टी पुन्हा दोनदा लावली. औषधाने रेषा फिकी व्हायला हवी, नाहीतर गडद तरी. ही आपल्या आत्यासारखी ढिम्म आहे, जागची हलत नाही.

नातीने हातावरचे पांढरे ठिपके मोजले, एकोणतीस भरले. तिला सांगितलं, मी बावीस वर्षं प्रयोगशाळेच्या उंदीरखान्यात कामाला होते, पिंजरे धुताना उंदीर चावायचे. ती शाळेत सांगत फिरते की आजी वाघ सांभाळायची.

तिसरी फेरी बारा तारखेला. जेवण वेळेवर घेत जा. माया आहेच, ती काय कागदावर मावते!
तुझी ताई

दि. २ मे

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

तिसरी फेरी होणार नाही. डॉक्टरांशी फोनवर बोललो. तुझ्याशी बोलायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितो.

तुझ्या पत्रातले ते ठिपके वाचून मी उठलो. डॉक्टरांकडून तुझं रक्त मागवलं, दोन नळ्यांत वाटलं. एकीत साध्या उंदराच्या रक्तातलं पाणी चार थेंब मिसळलं, दुसरीत नाही. न मिसळलेल्या नळीची दुसरी रेषा तशीच उमटली, मिसळलेलीची उमटलीच नाही. पाच वेळा केलं.

पट्टीत उंदराची दोन प्रतिपिंडं असतात. एक कागदाला चिकटवलेलं, दुसरं रंगीत, रक्ताबरोबर वाहत येणारं. आजाराची खूण मध्ये आली की ती दोघांना जोडते, म्हणून रेषा दिसते. पण बावीस वर्षं चावे खाऊन तुझ्या रक्ताने उंदराविरुद्ध स्वतःची प्रतिपिंडं तयार केली आहेत. त्यांनीच या दोघांना धरलं. उंदराचं पाणी मिसळलं तेव्हा ती त्यालाच चिकटून संपली, म्हणून रेषा गेली. खूण मध्ये नव्हतीच. आजार परतलेला नाही, ताई.

तुझ्या डब्याला उंदरांचा वास येतो म्हणून मी चिडवायचो. म्हणजे मला ठाऊक होतं. सगळं मोजलं, आणि हे मनात आणलं नाही.

या पत्रात लोभ मागत नाही.
धाकटा

दि. २० मे

चि. खटपट्यास,
अ. उ. आ.

पत्र तीन दिवस उशीखाली ठेवलं. हायसं वाटलं, मग राग आला, मग पुन्हा हायसं. सुईत दोरा ओवायला आता नात लागते. माफ केलं असं लिहिणार नाही, तुला ते स्वस्तात पडेल.

त्यापेक्षा काम कर. माझ्यासारखे आणखी असतील, पिंजरे धुणारे, उंदरापासून केलेलं औषध टोचून घेतलेले. त्यांना शोधून काढ. कुठलीशी कंपनी तुझी पट्टी विकत घेणार असं डॉक्टर सांगत होते. त्यांच्या कानावर हे घातलंस का? किती देताहेत तेही लिही.

रागावले तरी मी तुझी ताईच आहे, हे ध्यानात असू दे.
ताई

दि. ९ सप्टेंबर

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

प्रतिपिंड बेचकीसारखं असतं. वरच्या दोन फांद्या खूण पकडतात, खाली नुसती मूठ. तुझं रक्त त्या मुठीलाच धरत होतं. चार महिने खपून मी पचनरसाने मूठ कापायला शिकलो, फांद्या शाबूत ठेवून. नव्या पट्टीवर तुझं रक्त सहा वेळा टाकलं. सहाही वेळा एकच रेषा.

तरी प्रत्येक खोक्यात चिठ्ठी घालतो: उंदरांत काम केलं असेल तर आधी सांगा, आणि नुसत्या या रेषेवर औषध सुरू करू नका. जुनी खोकी परत मागवायला एकशे बारा दवाखान्यांना हाताने पत्रं लिहिली. एका ठिकाणी जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना तुझ्यासारखीच खोटी रेषा आली होती, त्यांचं औषध वेळेत थांबलं.

कंपनीचे दोघे येऊन गेले. यंत्रं, पट्टी, सगळं घेणार होते. अट एकच, जुना माल विकू द्यायचा आणि चिठ्ठी काढायची. लाखात एखाद्यालाच असं होतं, असं त्यांतले थोरले म्हणाले. मी तुझं एप्रिलचं पत्र त्यांच्यापुढे ठेवलं आणि अक्षर बघा म्हटलं.

लोभ पूर्वीइतका नसला तरी चालेल, पत्र मात्र येत राहू दे.
तुझा धाकटा

ता. क. आकडा विचारला होतास. एकसष्ट लाख. नको म्हणून सांगितलं.