आत चहाचं बघतेस का

आई,

आज गुरुवार. ऑफिस सुटल्यावर गाडी घराकडे वळवायची, ती मी माबेलाच्या रस्त्याला लावली आणि बरीच पुढे गेल्यावर लक्षात आलं की शेजारची सीट रिकामी आहे. जिला दर गुरुवारी तिकडे सोडायचे ती मुलगी मस्कत सोडून गेली, त्याला आता पंधरवडा होईल. वळून परत आले. यांनी विचारलं, "उशीर का?" मी म्हटलं, ट्रॅफिक. इथे ट्रॅफिक म्हटलं की कुणी पुढचं विचारत नाही. मग स्वयंपाकघरातल्या टेबलाशी बसून तुला लिहायला घेतलं. तू जाऊन इतकी वर्षं झाली की तुझा नेहमीचा आवाज आठवायला मला डोळे मिटावे लागतात. रागावलेला मात्र हाक मारल्यासारखा लगेच येतो. आज तोच हवा आहे.

मी काय काम करते ते तुला ठाऊक नाही. तू गेलीस तेव्हा माझं कॉलेजही संपलं नव्हतं. अल् खुवैरमध्ये एका लहानशा सल्लागार कंपनीत मी प्रशिक्षण देते. बायकांचे हक्क कुणापुढे, कसे मांडायचे ते शिकवायचं. अर्ज कसा लिहायचा, साहेबासमोर आवाज न चढवता मुद्दा कसा सोडायचा नाही, घरकामाला आलेल्या बाईचा पासपोर्ट मालकाने ठेवून घेतला तर पहिल्यांदा कुठे जायचं. तू असतीस तर म्हणाली असतीस, "म्हणजे भांडायला शिकवतेस. त्याचा पगार मिळतो होय?" मिळतो, आई. आणि वरून लोक मान देतात.

उन्हाळा उतरता उतरता आमच्याकडे एक अफगाण मुलगी शिकायला आली. इंटर्न म्हणतात. काबूलला कायद्याचा अभ्यास निम्म्यावर आला असताना मुलींना विद्यापीठाची दारं बंद झाली, मग ती भावाकडे पेशावरला गेली, तिथून इथे. पेशावरमुळे तिला उर्दू येत होती, त्यामुळे आमचं हिंदीत छान जमायचं. नवरा शाळेत मास्तर होता. लग्नाला वर्ष व्हायच्या आत गेला. कसा, ते तिने सांगितलं नाही आणि मीही विचारलं नाही. पोर हसरी होती. बोलताना हनुवटी वर करायची, समोरच्याशी पैज लावल्यासारखी.

पहिल्याच आठवड्यात तिने एक टिपण लिहून आणलं. त्यात जागोजागी एकच वाक्य होतं, की आमच्याकडे तसा रिवाज आहे. मी ते तिच्यापुढे सरकवलं आणि म्हटलं, हे आपल्या कामात चालत नाही. रिवाजाला हात नसतात. दार बंद होतं ते कुणाच्या तरी हाताने. तो हात शोध, मग त्या हाताशी बोलता येतं. तिला ते इतकं आवडलं की ऑफिसभर खेळच सुरू झाला. फ्रिज उघडा राहिला, दूध संपलं, प्रिंटरमध्ये कागद अडकला, की ही हनुवटी वर करून विचारणार, "हाथ किसका, मॅडम?" आमचा इजिप्तचा हिशेबनीससुद्धा तिचं ऐकून "हाथ किसका" म्हणायला लागला. मी गुरू म्हणून फुगून गेले होते, खोटं कशाला सांगू.

आणि तुझी गोष्ट. ती मी प्रत्येक तुकडीला सांगते, तिलाही सांगितली. उपकेंद्रातली नर्सबाई, ऐन तारुण्यात विधवा झालेली. पंचक्रोशीतली निम्मी पोरं जिच्या हातांवर जगात आली, आणि त्यांच्याच बारशाला जिला पायरीखाली उभं राहावं लागायचं. पाळण्याला हात लावायचा नाही. ओटी भरायची नाही, ओटीतला खण नंतर मुलीसाठी म्हणून माझ्या हातात यायचा. मी हे सांगते तेव्हा वर्गात कुणीतरी डोळे पुसतंच. ती पुसत नव्हती. तिने विचारलं, "आपकी अम्मी ग़ुस्सा नहीं करती थीं?"

तेव्हा मी तिला ते साबणदाणीचं सांगितलं. तुला आठवतं? कोपऱ्यावरच्या घरातली सून अडली होती. बाळाच्या गळ्याला नाळेचा वेढा. तू दोन्ही जीव सोडवून पहाटे घरी आलीस, चुलीपुढे बसलीस आणि तुझ्या हातांना जंतुनाशकाचा वास येत होता. त्याच संक्रांतीला त्या घरी हळदीकुंकू झालं. मला बोलावणं होतं, तुला नव्हतं. मी हिरवा परकर नेसून गेले आणि प्लास्टिकची गुलाबी साबणदाणी वाण म्हणून घेऊन आले. तू विचारलंस, कोण कोण आलं होतं गो, आणि मी ती साबणदाणी अंगणात भिरकावली. म्हटलं, तुला बोलवत नाहीत तिथे मी जाणार नाही. मला वाटलं तू जवळ घेशील. तू म्हणालीस, "उचल ती आधी. वस्तूवर राग काढायचा नाय." मी उचलली. मग तू भाकरी थापता थापता माझ्याकडे न बघता म्हणालीस, "तुझ्या घरी करशील तेव्हा बघूया, कुणाकुणाला लावतेस ते." पुढे त्या साबणदाणीत आपला साबण किती तरी वर्षं होता.

या दिवाळीत यांच्या छातीत कळ आली. अँजिओप्लास्टी झाली, आता बरे आहेत, चालायला जातात, चोरून फरसाण खातात. आपल्या मुलाला बघायला म्हणून सासूबाई आणि मामंजी डोंबिवलीहून आले आणि हिवाळाभर राहिले. त्यामुळे यंदाचं हळदीकुंकू सासूबाईंच्या देखरेखीखाली मोठं करायचं ठरलं. अल मवालेहच्या बाजारातून ऊस, गाजरं, हरभरा आणला. वाण म्हणून मत्रहच्या बाजारातून धूप जाळायच्या मातीच्या छोट्या लोबानदाण्या घेतल्या. तिला मीच बोलावलं. आमच्या बायकांचा सण आहे, ये, म्हटलं. बायकांना दाखवायचीही होती, आमच्या ऑफिसातली काबूलची मुलगी. ती विधवा आहे हे मला माहीत होतं. माहीत असणं आणि डोक्यात येणं यांत किती अंतर असतं, ते त्या शुक्रवारी कळलं.

ती सगळ्यांच्या आधी आली. हिरवा पोशाख, हातात सुक्या तुतींची पुडी, भावाने कुणाबरोबर तरी पाठवलेली. आल्या आल्या सासूबाईंच्या पाया पडली. आपल्याकडे पडतात असं तिने कुठल्याशा मालिकेत पाहिलं होतं. सासूबाई खूश. बायका जमल्या, ती त्यांच्या ओळीत सतरंजीवर बसली. "अय्या, काबूलची? किती गोड आहे गं! मिस्टर काय करतात यांचे?" एकीने विचारलं, आणि ती सरळ म्हणाली, "वो नहीं रहे."

बांगड्या वाजायच्या थांबल्या. फार नाही, क्षणभरच. सासूबाई कोयरी घेऊन ओळीने येत होत्या. तिच्यापाशी पोचल्या, कुंकवात बोट बुडवलं, आणि त्यांचं बोट तिच्या कपाळाकडे निघालंही होतं. मी पाहिलं, आई. ते बोट थांबलेलं नव्हतं. तिनेही पाहिलं आणि कपाळ जरा पुढे केलं. आणि मी, मी म्हटलं, "सुनो, ज़रा अंदर चाय का देखोगी?"

इतकंच. आवाजसुद्धा गोड होता. ती एक क्षण माझ्याकडे बघत राहिली. मग उठली आणि आत गेली. मी उठून एसीची हवा जाते म्हणून मधलं दार ओढून घेतलं. सासूबाईंचं बोट तसंच वर होतं, त्यांनी ते शेजारच्या बाईच्या कपाळाला टेकवलं. आमच्या शेजारी रायगडकडच्या एक मुसलमान वहिनी राहतात. त्या दरवर्षी येतात. कुंकू लावून घेत नाहीत, पण मनगटावर अत्तर, तिळगूळ, वाण सगळं हौसेने घेतात. त्यांनी मला हळूच विचारलं, "ती पोरगी आत एकटी काय करते?" मी म्हटलं, तिला आवडतं काम करायला. आपला तिळगूळ आणि वाण घेऊन वहिनी आत गेल्या आणि शेवटपर्यंत आतच बसल्या.

चहा उत्तम झाला होता. वेलची घातलेला, तिच्या पद्धतीचा. बायकांनी वाखाणला. बाहेरच्या सगळ्या गेल्यावर मी आत गेले तर कपबशा धुऊन पालथ्या घातलेल्या, ओटा लखलखीत. मी तिला पिशवीत लोबानदाणी दिली. एक नाही, दोन दिल्या. तिने दोन्ही बघितल्या, एक काढून ओट्यावर ठेवली आणि म्हणाली, "सबको एक मिला है ना, मॅडम." मी तिला म्हणणार होते की तू मुसलमान, तुला चालेल की नाही म्हणून. पण वहिनी तिथेच उभ्या होत्या, हाताला अत्तराचा वास, हातात वाण. त्या संध्याकाळी सासूबाई तिळगुळाचा डबा आवरताना म्हणाल्या, "मी लावलं असतं गं तिला. पोर आहे ती. तू कशाला उठवलंस?" मी म्हटलं, बायका काय म्हणाल्या असत्या. त्या म्हणाल्या, "म्हणू दे की." डोंबिवलीच्या सासूबाई, ज्यांच्या जुनाटपणाचे किस्से मी ऑफिसात रंगवून सांगते, त्या.

त्यानंतर ती बदलली नाही. हेच तर वाईट. वेळेवर यायची, नेमकं काम करायची, हसायची. फक्त "हाथ किसका" बंद झालं. हिशेबनीसाने एकदा दूध संपल्यावर ते म्हटलं, तर ती कॉम्प्युटरमध्ये बघत राहिली. शेवटी तिला सगळ्यांपुढे एक मांडणी करायची होती, बाईला कुठे अडवलं गेलं आणि कुणी अडवलं, यावर. मी पहिल्या रांगेत बसले होते. मला वाटलं, आता माझं स्वयंपाकघर येणार. ती तिच्या मावशीबद्दल बोलली, गावातल्या शाळेबद्दल बोलली, आणि इतकं चोख बोलली की साहेब उभे राहून टाळ्या वाजवायला लागले. मग तिने माझ्याकडे हात करून सांगितलं की हे मला मॅडमने शिकवलं. मी उठून मान लववली. काय करणार होते दुसरं?

ती गेली त्या दिवशी मीच तिला माबेलाहून विमानतळावर सोडलं. पेशावरला तिच्यासारख्याच घर सोडून आलेल्या बायकांसाठी ती काम करणार आहे. तिची कागदपत्रं किती दिवस चालतील ते तिलाही ठाऊक नाही. गाडीत ती हनुवटी वर न करता, अगदी साधेपणाने म्हणाली, "मॅडम, एक बात पूछूँ? उस दिन आपके घर में. हाथ किसका था?"

आई, तिला भांडायचं नव्हतं. तिला तिच्या शिक्षिकेकडून खरं उत्तर हवं होतं, म्हणजे मी शिकवलेलं खरं आहे की नाही ते घेऊन तिला जाता आलं असतं. मी रस्त्याकडे बघत म्हटलं, "मेरी सास... पुराने ख़याल की हैं."

तिने खूप वेळ मान हलवली. "अच्छा," म्हणाली. मग म्हणाली, "बुज़ुर्ग हैं. उनसे क्या नाराज़ होना. मेरा सलाम कहना उनको." आणि तिचा चेहरा मोकळा झाला. मला दिसलं तो मोकळा होताना. उतरताना तिने मला मिठी मारली, बॅग ओढत आत गेली, काचेच्या दारातून वळून हात हलवला. तिने माफ केलं, पण भलत्याच बाईला.

सासूबाईंचा परवा फोन आला. "ती काबूलची पोर कशी आहे गं? तिळगूळसुद्धा हातावर ठेवला नाहीस त्या दिवशी." मी म्हटलं, ती गेली, तुम्हाला सलाम सांगितलाय. त्यांना इतका आनंद झाला! "बघ, माझी आठवण ठेवली हो तिने." मामंजींना हाक मारून सांगितलं. मी इकडे फोन कानाला धरून उभी.

बायका काय म्हणतील, हे कारण मी सासूबाईंना सांगितलं, स्वतःलाही इतके दिवस तेच सांगत होते. ते खरं नाही. त्या बायकांना मी काडीची भीत नाही. "वो नहीं रहे" तिने म्हटलं, आणि मला दवाखान्यातला पलंग दिसला, त्यावर हे, नाकात नळी. वाटलं, आत्ता नको. माझ्या घरात, माझ्या कुंकवाच्या दिवशी, हिच्या कपाळाला नको. हक्कांचा पगार घेणारी मी, मला ती पोर अपशकुनी वाटली. वाटलं आणि मी तिला उठवलं. म्हणजे त्या दिवशी ओळीत तिच्याऐवजी तू बसलेली असतीस, पांढऱ्या साडीत, हातांना जंतुनाशकाचा वास, तर मी तुलाही गोड आवाजात आत पाठवलं असतं. तू म्हणाली होतीस, कुणाकुणाला लावतेस ते बघूया म्हणून. बघितलंस.

तिने परत ठेवलेली ती लोबानदाणी अजून ओट्यावरच आहे. यांनी तिच्यात काड्यापेटी ठेवायला सुरुवात केली आहे. हे पत्र मी फाडणार नाही, टेबलाच्या खणात टाकणार आहे, कारण तुला पत्ता नाही. तिला आहे. तिचा नंबर फोनमध्ये सगळ्यात वर आहे, "पोचले" असं तिने त्याच दिवशी कळवलं होतं, सोबत सासूबाईंना पुन्हा सलाम. मी त्यावर एक हसरा चेहरा पाठवला.

हे सगळं तिलाच लिहायचं होतं. तुला लिहिलं, कारण तू काही विचारणार नाहीस.