समुद्राची वाट

प्रिय एवेलिओ,

तुझ्या आईचं ऑपरेशन नीट पार पडलं, हे तुझ्या बहिणीकडून कळलं. भेटायला यायचं मनात होतं, पण अलीकडे माझंच मन थाऱ्यावर नाही. विद्यापीठाने मी शिकवत होते तो स्थलांतराच्या अभ्यासाचा वर्ग बंद केला. विद्यार्थी नाहीत म्हणे.

दक्षिण सीमेवरच्या दारिएनच्या जंगलातून उत्तरेकडे निघालेले लोक चिखलाने माखून बाहेर यायचे, तेव्हा आपण दोघं छावणीत बसून त्यांना प्रश्न विचारायचो. संध्याकाळी कच्च्या केळ्याचे तळलेले पाताकोनेस खाताना तू चिडून म्हणायचास, "आपण लिहितो आणि ते कुणी वाचत नाही. सरकारच्या आत शिरल्याशिवाय काही बदलायचं नाही." तू आत शिरलास. मी छावणीतच राहिले. आपलं तिथेच फाटलं, भांडणाशिवाय.

माइरेलिस तुला आठवणार नाही. ती तुझ्यानंतर आली. माराकाइबो शहर सोडून त्याच जंगलातून आलेली नर्स, फार फटकळ. लोकांच्या पायांना पट्ट्या बांधताना मला टोमणा मारायची, "बाई, तुमच्या अभ्यासाने फोड बरे होतात का हो?" मग स्वतःच बायकांना म्हणायची, "बोला गं हिच्याशी, ही निदान ऐकून तरी घेते." तिच्यामुळेच त्या माझ्याशी बोलल्या. उत्तरेकडे जाणाऱ्या बसगाड्या थांबवल्या तर काय कराल, असं मी विचारायचे. बहुतेकींचं उत्तर एकच असायचं: बोटीने जाऊ.

तू मला सल्लागार म्हणून बोलावलंस तेव्हा मी हरखून नवा पोशाख घालून आले. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच कुणीतरी विचारत होतं. बैठकीत मी सांगितलं, उत्तरेचा रस्ता बंद केलात तर माणसं समुद्रात उतरतील. तू माझ्याकडे न बघता म्हणालास, "इत्सेल, आज समुद्राचा विषय नको." त्यानंतर रस्ता बंद झाला.

माइरेलिस मासेमारीच्या बोटीतून निघाली. जाताना म्हणाली, "इथे कुजण्यापेक्षा बरं." बोट बेटांच्या अलीकडे उलटली. तिचं इथे कुणी नव्हतं, म्हणून ओळख पटवायला मला बोलावलं. चेहऱ्यावरून ओळखू येत नव्हती. मनगटावरच्या भाजल्याच्या डागावरून ओळखलं. तिच्या आईला फोन मीच केला. त्यांनी एवढंच विचारलं, "तिला पोहता येत नव्हतं, हे तुम्हाला माहीत होतं का?"

आता बोट उलटल्याची चौकशी करायला समिती नेमली आहे. सोमवारी माझी साक्ष आहे. समुद्राचा धोका आधी कुणाला सांगितला होता, असं विचारतील. मी तुझं नाव घेणार आहे, एवेलिओ. भरल्या खोलीत ते एकदम कानावर पडण्याआधी तुला माझ्याकडून कळावं, म्हणून हे पत्र. वकील गाठायचा असेल तर गाठ. तू स्वतःच पुढे येऊन बोललास, तर फारच बरं. फक्त मला फोन करू नकोस. तुझा आवाज ऐकला तर मी कच खाईन, आणि मला कच खायची नाही.

एकेकाळची तुझीच,
इत्सेल