अकरा बुटक्यांनी खाल्लेली जमीन

ती. रोसविताताईस,

धाकट्या एकार्टचा नमस्कार. (अर्धाच. उरलेला अर्धा का राखून ठेवलाय ते पुढे कळेल.) तुझा गुडघा कसा आहे? ब्रेमेनला पाऊस फार आणि तुझं घर तिसऱ्या मजल्यावर, तेव्हा तो अजून दुखतच असणार असं धरून चालतो. मांजर मजेत असेलच, त्याला काय धाड भरलीय! मी बरा आहे, म्हणजे जिवंत आहे. रक्तदाब सोडला तर डॉक्टरांना माझ्यात काही सापडत नाही, आणि रक्तदाब का वाढलाय हे अख्ख्या जर्मनीत कुणाला ठाऊक असेल तर ते तुला. हो, तुलाच. भुवया वर करू नकोस, मला सगळं कळलंय. पण तू लहानपणापासून माझं बोलणं मधेच तोडत आलीस. पत्रात तुला ते जमणार नाही, म्हणून पहिल्यापासून सांगतो आणि तू गपचूप वाच.

गेल्या सोमवारी आमच्या 'सकाळचं ऊन' या भाड्याच्या बागांच्या वसाहतीच्या समितीचं पत्र आलं. सत्तेचाळीस नंबरची बाग नोव्हेंबरअखेर रिकामी करून द्यावी! जी बाग मी आणि इर्मगार्डनं, नवराबायकोनं मिळून, एकतीस वर्षं कसली, जिच्यात तिनं लावलेलं रुबार्ब अजून दरवर्षी गुडघ्याएवढं येतं, ती रिकामी करून द्यावी. कारण काय, तर भाजीपाला कमी पडतो. एक तृतीयांश जमिनीत भाजी आणि फळं हवीत, हा नियम मी तुला शिकवायला नको, बाबांनी त्यापायी आपल्याकडून किती कोबी लावून घेतले ते तुला आठवत असेल. माझी भाजी त्या तृतीयांशाला अडीच चौरस मीटरनं कमी भरली. येत्या शनिवारी सभा आहे, तिथं हात वर करून ठरणार की एकार्ट राहतो का जातो. आणि हे अडीच मीटर कुणी खाल्ले? किड्यानं नाही, गोगलगाईनं नाही. बुटक्यांनी खाल्ले!

तुला माहीत आहे, बागेत उभा करायचा बुटक्याचा पुतळा माझ्याकडे एकच. बाबांनी स्वतः भट्टीतून काढलेला, मातीचा, लाल टोपीचा, हातात कुदळ घेतलेला. बुटका म्हणजे तो. दाढी हवी, टोपी टोकदार हवी आणि अंगात काम हवं. बाबा सांगायचे ना, आपल्या डोंगरातल्या खाणीत उतरायचे ते असेच ठेंगणे लोक होते. डोक्यावर दगड पडला तर लागू नये म्हणून टोपीत गवत कोंबायचे आणि अंधारात दिसावी म्हणून ती लाल रंगवायचे. (तू तेव्हा म्हणायचीस की अंधारात लाल दिसत नाही. बाबांच्या तोंडावर म्हणायचीस. तेव्हाच मी ओळखायला हवं होतं की ही बाई पुढे काहीतरी उद्योग करणार.) तर एप्रिलमध्ये, इर्मगार्डला माती देऊन दोन महिने झाले होते, मी सकाळी बागेत गेलो आणि वाटाण्याच्या वाफ्यात काय बघतो, प्लॅस्टिकचा बुटका! काळा चष्मा लावून आडवा पडलेला! माझी तळपायाची आग मस्तकात गेली. पुढच्या आठवड्यात दुसरा, कानाला फोन लावलेला. मग फुटबॉलवाला. मग एक, ताई, कसं लिहू, चड्डी खाली करून पाठ दाखवणारा, आणि तोही नेमका माझ्या घेवड्याच्या वेलाशी. एकतीस वर्षांत या बागेत कुणी नागडं उभं राहिलेलं नाही.

तू म्हणशील, उचलून कचऱ्यात टाकायचे होते. नाही, तू असं म्हणणार नाहीस! कारण बाबांचा शब्द तुलाही ठाऊक आहे, आणि सगळा डाव त्यावरच रचलाय. जो बुटका आपल्या पायानं दारात येतो त्याला हाकलायचं नाही. हाकलला की घरातली बरकत त्याच्या मागोमाग जाते, घेवडा वर चढत नाही, दूध नासतं. मी भोळसट नाही, चाळीस वर्षं रेल्वेच्या सिग्नलवर काम केलेला माणूस आहे, प्लॅस्टिक म्हणजे प्लॅस्टिक हे मला कळतं. पण इर्मगार्ड गेलेल्या वर्षी आणखी काही घालवायची माझी हिंमत नव्हती. हसायचं तर हस.

संशय अर्थात शेजारच्या त्साबेलबाईंवर. त्यांच्या कुंपणाला एक फट आहे आणि त्यांच्या स्वभावाला दहा. मी बाबांचा बुटका उचलला आणि त्याची पाठ त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीकडे केली. आमच्या वसाहतीत याचा अर्थ शेंबड्या पोरालाही कळतो. बाईंनी दुपारी दोन वाजता, ऐन शांततेच्या तासात, गवत कापायचं यंत्र सुरू केलं. मी समितीकडे लेखी तक्रार केली. त्यांनी माझ्या कुंपणाची उंची मोजून उलट तक्रार केली. (पाच सेंटीमीटर जास्त भरलं. कापलं.) मे महिना सगळा असा गेला आणि बुटके झाले सात.

मग मला आठवलं की बुटक्याला मानानं निरोप द्यायची एक रीत आहे. त्याला नवे कपडे द्यायचे. तो समजतो आपली मजुरी मिळाली, काम संपलं, आणि हसतमुखानं चालायला लागतो. आपल्यावर काही ठपका नाही. तेव्हा मी इर्मगार्डच्या शिवणयंत्रावरचं कापड फेब्रुवारीनंतर पहिल्यांदा काढलं आणि सात विजारी शिवल्या. सात! नाड्यांसकट! चड्डीवाल्याची जरा घट्टच शिवली. रविवारी सकाळी एकेकाला घातल्या, टोपी काढून म्हणालो, "बाबांनो, आभारी आहे, आता या." आणि मान वर करतो तर कुंपणापलीकडे अर्धी वसाहत उभी. कुणी हसलं नाही, तेच वाईट झालं. त्साबेलबाई डोळ्यांना पदर, म्हणजे ॲप्रन लावून म्हणतात, "बघा हो, किती जीव लावलाय बिचाऱ्यानं!" जीव लावलाय! मी त्यांना हाकलतोय आणि म्हणे जीव लावलाय! पुढच्या दोन आठवड्यांत सातांचे अकरा झाले, आणि नवीन आलेले विजारीची वाट बघत असल्यासारखे रांगेत उभे.

त्यात ऑगस्टची बागपाहणी आली. अध्यक्ष ट्राउटमान (तोच, नाचात तुझ्या पायावर पाय देणारा) मोजायची फीत घेऊन वाफ्यांतून ओणवा फिरला. म्हणाला, बुटका ही शोभेची वस्तू. शोभेची वस्तू ज्या जमिनीवर उभी, ती जमीन भाजीची नाही. आणि भोवती पाय ठेवायला लागते तीही नाही. अकरा जणांचे मिळून अडीच मीटर वजा. मी म्हणालो, "ट्राउटमान, बुटका शोभेला नसतो, तो कामाला असतो. मग त्याच्या पायाखालची जमीन कसलेली धरली पाहिजे."

"अरे एकार्ट, मग एकाला तरी काम करताना दाखव."

"बघायला गेलं की ते निघून जातात! हाच तर त्यांचा नियम आहे!"

"तुझा नियम तू पाळ, मी माझा पाळतो," म्हणाला आणि वहीत लिहिलं. मग आवाज खाली आणून म्हणतो, तुला काही घालवायचं नसेल तर लायलॅकच्या झुडपाशेजारचं गवत खणून काढ, तीन मीटर आहे, तिथं काहीतरी पेर, भागलं. त्या गवतावर इर्मगार्डची खुर्ची आहे, ताई. चारही पायांचे खळगे पडलेत तिथं. ती दुपारी पाय वर घेऊन बसायची आणि मी कुठं चुकतोय ते तिथनं सांगायची. मी ट्राउटमानला सांगितलं, ते गवत खणण्यापेक्षा बाग गेलेली परवडली. त्यानं फीत गुंडाळली. सोमवारी पत्र आलं.

काल समेटाची बैठक होती. सभागृहात कॉफी, प्लमचा केक, आणि मी. (केक खाल्ला नाही.) मी उभा राहून त्साबेलबाईंना तोंडावर सांगितलं की हे अकराच्या अकरा तुमचे, तुमच्यापायी माझी बाग जाते आहे, लाज वाटू द्या. बाईंनी थैलीत हात घातला, एक पत्र काढलं आणि माझ्यापुढे ठेवलं. अक्षर तुझं! शाळेत बाईंनी छडी मारूनही न सुधारलेलं! पत्र असं होतं, आणि मी आता तुझंच तुला वाचून दाखवतो:

"आमचा एकार्ट कुणाकडून जेवणाचा डबा घेणार नाही, कुणी सांत्वन केलं तर दार लावून घेईल. त्याला लहानपणापासून एकच औषध लागू पडतं, ते म्हणजे राग. रागावला की तो उठतो, अंघोळ करतो, जेवतो. तुम्हा सगळ्यांना विनंती आहे, अधूनमधून त्याच्या बागेत एखादा बुटका ठेवत जा, जितका हिडीस मिळेल तितका बरा. तो फेकणार नाही, बाबांच्या शब्दाबाहेर तो जात नाही."

मी मान वर केली तर सगळी सभा केकमध्ये बघतेय. अकरा घरं, अकरा बुटके. चड्डीवाला कुणाचा? ट्राउटमानचा! जो माणूस आपला बुटका माझ्या घेवड्यात ठेवतो आणि मग त्याच बुटक्यापायी मला नोटीस धाडतो! मी विचारलं, लाज नाही वाटत? म्हणाला, "ठेवला तो मित्र म्हणून, मोजला तो अध्यक्ष म्हणून."

तुला काय अधिकार होता, ताई? मी काय गोठलेला नळ आहे, की कुणीही येऊन तापवावं? माझ्या दुःखाची गावभर पत्रं लिहिलीस. जिच्याशी मी मे महिनाभर भांडलो ती बाई मनातल्या मनात मला औषध पाजत होती! तिच्याशी भांडताना मला किती बरं वाटायचं, तेही तू घालवलंस. मला तुझा संताप आला आहे, आणि तो कॉफीनं जाणारा नाही. शनिवारच्या सभेला येऊ नकोस. नाताळलाही येऊ नकोस. गुडघ्याला जप, जिना सावकाश उतर.

तुझा, अजिबात न निवळलेला भाऊ,
एकार्ट

ता. क. १ : काल रात्री घरी येऊन बटाटे, सॉसेज आणि दोन अंडी खाल्ली. हे तुझ्या म्हणण्याला पुरावा म्हणून वापरू नकोस. भूक लागली होती.

ता. क. २ : पत्र पोस्टात टाकायचं राहिलं, आज गुरुवार. सभेत माझ्या बाजूनं अकरा हात वर होतील, असं त्साबेलबाई म्हणाल्या. पण ट्राउटमान म्हणतो, हात कितीही वर होवोत, फितीवरचा आकडा वर होत नाही. बुटके घालवायला मन होईना. ज्यांनी ठेवलेत त्यांची तोंडं आता मला माहीत झालीत, आणि चड्डीवाल्याकडे बघितलं की ट्राउटमान दिसतो. तेव्हा सकाळी फावडं घेतलं आणि लायलॅकशेजारचं गवत खणलं. रडलो. त्साबेलबाईंनी कुंपणावरून पाहिलं आणि मग तासभर आपल्या टोमॅटोंकडे पाहत राहिल्या. पालक पेरलाय. ट्राउटमाननं येऊन मोजलं, तीन मीटर भरलं, नोटीस फाडली.

ता. क. ३ : वर 'येऊ नकोस' लिहिलंय ते खोडलं तर कागद खराब होईल, म्हणून तसंच ठेवतो. पालक ऑक्टोबरअखेर येईल. इर्मगार्डची खुर्ची सध्या व्हरांड्यात भिंतीला टेकवून ठेवली आहे. तिला दुसरी जागा बघायला हवी, आणि ते मला एकट्याला जमत नाही. ये.