चांदवडच्या मावशींचा रद्द झालेला नंबर

आई, तू बसायचीस ती दारातली खुर्ची मी काढून टाकली. तिथे आता भिंतीवर एक स्क्रीन आहे, त्यावर नंबर उमटतात. बाबांच्या दवाखान्यात तुला ना पगार होता ना पद, शिक्षण सातवी, तरी लोक बाबांपेक्षा तुलाच जास्त वचकून असत. आलेल्या प्रत्येकाला तू आधी पाणी द्यायचीस. मला वाटायचं, हिला पाहुणचाराची भारीच हौस. पेला घेणारा हात थरथरतोय का, तापलेला आहे का, घोट गिळताना माणूस थांबतोय का, हे तू तेवढ्यात बघून घ्यायचीस, ते मला फार उशिरा कळलं. मग नंबरबिंबर बाजूला ठेवून त्याला सरळ आत पाठवायचीस.

मेडिकलच्या दुसऱ्या वर्षाच्या सुट्टीत मी तुझ्या जागी बसले होते, तो दिवस आठवतो. मी वहीत नावं लिहून काटेकोर रांग लावली आहे. कुणी मध्ये घुसत नाही, कुणाची कुरकुर नाही, मी स्वतःवर जाम खूश. दुपारी तू बाबांचा डबा घेऊन येतेस आणि बाकाच्या टोकाला बसलेल्या इगतपुरीच्या एका म्हाताऱ्याला पाणी देतेस. त्याच्या हातून पेला सुटतो. तू त्याला धरून आत नेतेस आणि बाहेर येऊन सगळ्यांदेखत मला सुनावतेस, "ज्याला भांडता येतं त्याचा नंबर कसाही लागतो गं. गप्प बसणाऱ्यांकडे बघायला मी इथे बसते." मला इतका राग आला की त्या रात्री मी जेवले नाही.

तू गेलीस, मागोमाग बाबा गेले आणि दवाखाना माझ्याकडे आला. नंबरासाठी सकाळपासून चालणारी भांडणं मिटावीत म्हणून मी फोनवरून नंबर घ्यायची सोय केली. सोय वाईट नाही हं, उगाच नाक मुरडू नकोस. सुरगाण्याच्या एका बाईचे रिपोर्ट मी फोनवरच बघते, गोळ्या बदलून देते, तिचा एसटीतला अख्खा दिवस वाचतो. फक्त एक नियम मी घातला होता. आदल्या दिवशी मेसेज जाणार, आणि 'येतो' असं उलट कळवलं नाही तर नंबर रद्द.

चांदवडच्या एक मावशी दर महिन्याला शुगर तपासायला येतात. घरात फोन एकच, तो मुलाकडे, आणि मुलगा पिंपळगावला टेम्पोवर. मेसेज त्याला गेला, मालाच्या गडबडीत त्याने पाहिलाच नाही. मावशी मात्र पहिल्या एसटीने हजर. काउंटरवरच्या मुलीने गोड आवाजात सांगितलं की नंबर रद्द झालाय, फोनवरून नवा घ्या. "बरं बाई, पोराला सांगते," एवढंच मावशी म्हणाल्या. तासभर बाकावर टेकल्या आणि निघून गेल्या. पायाला झालेली जखम त्यांनी दाखवली नाही आणि कुणी विचारलंही नाही. मुलाला सवड मिळून त्या पुन्हा आल्या तोवर दहा दिवस उलटले होते. अंगठा काढावा लागला.

मुलगा माझ्यासमोर रडला. "मॅडम, माझ्यामुळं झालं हे. म्या मेसेज पाह्यलाच नाय." मी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, चूक तुझी नाही, सिस्टीमची आहे. रद्द करायचा नियम मी त्याच दिवशी काढून टाकला. दारात पुन्हा खुर्ची टाकली, तिथे आता एक रिटायर्ड सिस्टर बसतात, त्यांनी विचारपूस केल्याशिवाय कुणी परत जात नाही. मावशींच्या पायाचा फोटो दर आठवड्याला फोनवर येतो, तो मी स्वतः बघते. मॅडमनी यंत्राचा आणि माणसांचा छान मेळ घातला, असं लोक म्हणतात, आणि मला ते ऐकवत नाही.

हा कागद तुझ्यापर्यंत पोचायचा नाही, म्हणूनच लिहवतंय. मावशी तशाच परत गेल्या त्या दिवशी, बाहेरच्या कॅमेऱ्याच्या केबिनमधल्या पडद्यावर त्या मला दिसत होत्या. एक पाय चपलेतून काढून बसलेल्या, चांगला तासभर. काही असेल तर सांगतील की, असं मनात म्हणून मी पुढचा नंबर आत घेतला. हे कुणालाच ठाऊक नाही. त्यांचा मुलगा अजून दर खेपेला माझी माफी मागतो, आणि मी त्याला मागू देते.