शुद्ध खव्यासाठी अकरा पानी अर्ज

३ मार्च, सकाळी ६
ठरलं. वाशी तालुक्यातला भेसळीचा खवा बंद करायचा. अर्ज लिहिला, अकरा पानं. ‘लहान-मोठा भेद नको, सर्वांना एकच नियम’ हे वाक्य स्वतःलाच तीनदा वाचून दाखवलं. भेसळ दिग्विजयरावांच्या नव्या डेअरीत होते, हे गावाला ठाऊक आहे. पण मी तत्त्वासाठी लढतो, दोषींचं नाव घेत नाही. शुद्धतेचा नमुना म्हणून मात्र कोंडावहिनींच्या भट्टीचं नाव, पत्त्यासह दिलं.

९ मार्च
आठवडी बाजारात भाषण. दीड तास. शेवटी सातजण उरले, तेही मंडपाच्या सावलीसाठी. कोंडावहिनी, म्हणजे चुलतभावाची बायको, म्हणाल्या, भावजी, बोलता लई झ्याक, पर हे आमच्यावर तर न्हाय येणार? हसलो. सोन्याला कसोटीचं भय कसलं?

१८ मार्च
अर्ज वाचून अन्न-भेसळ खात्याचे साहेब आले. थेट वहिनींच्या भट्टीवर. अर्जात तेवढाच पत्ता होता म्हणे. खवा चाखून म्हणाले, असा खवा जिल्ह्यात नाही. मग परवाना विचारला. फरशी, पाण्याचा रिपोर्ट. यातलं काहीच नव्हतं, भट्टीला सील. सुरुवातीला असं होतंच. आता डेअरी वाचत नाही.

१९ मार्च
डेअरीची तपासणी. सगळे कागद फायलीत, रंगीत चिठ्ठ्या लावून. खव्याचा नमुना नेला. रिपोर्ट येईल तेव्हा येईल.

२२ मार्च
साहेबांना म्हटलं, सील काढा, बाई गरीब आहे. त्यांनी माझाच अर्ज काढला. पान चार, लहान-मोठा भेद नको. वाक्य खणखणीत आहे, हे त्यांनाही पटलं.

२७ मार्च
वहिनींच्या भट्टीवर वीस घरांचं दूध यायचं. ते आता डेअरीत जातं. वहिनी म्हणाल्या, फरशी बसवू का म्हशी सांभाळू? उत्तर मुद्देसूद तयार केलं. तोवर त्या निघून गेल्या होत्या.

१२ एप्रिल
रिपोर्ट नाही. बस्स. उद्या डेअरीत घुसून दिग्विजयरावांना जाब विचारणार. नियम चुकीचा नाही, नियम माझ्या बाजूनं आहे.

१३ एप्रिल, दुपारी
डेअरीच्या दारातच वहिनी. पांढरा कोट, हातमोजे. पंधरा दिवस झाले म्हणे कामाला लागून. वहिनी, तुम्ही इथं, एवढंच म्हटलं. त्यांनी जाळीची टोपी पुढं केली. घाला भावजी, केस पडत्यात खव्यात.
घातली.